शिक्षणाचे कर्ज आणि कर्ज देणाऱ्यांचे शिक्षण

घरातील मूल बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले म्हणजे शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि त्याच रात्री, मुले झोपल्यावर, आईवडील हलक्या आवाजात पैशांचा हिशेब मांडू लागतात. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा हिशेब झाला असेल. दागिना मोडावा की भावाकडे शब्द टाकावा, जमिनीचा तुकडा विकावा की मुलाला साध्याच अभ्यासक्रमाला घालावे, असे पर्याय एकेक करून चाचपले जातात, आणि अखेरीस कोणीतरी म्हणते, "बँकेचे कर्ज मिळते म्हणतात." या एका वाक्यानंतर ते कुटुंब एका अपरिचित टेबलापुढे जाऊन उभे राहते. त्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाविषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

माझी सारी नोकरी बँकेत झाली. त्यातील अखेरची सहा वर्षे चेन्नई येथील एका प्रशिक्षण केंद्रात, शैक्षणिक कर्जाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकविण्यात गेली. मी मूळची मिरजेची. तमिळ मला नोकरीने शिकविली. माझ्या वर्गात मदुराई, कोल्लम, गुंटूर, सोलापूर अशा दूरदूरच्या गावांचे अधिकारी एकत्र येत. त्यांना शिकविताना जे माझ्या ध्यानी आले, ते केवळ बँकेतील माणसांनी जाणावे असे नाही. ज्यांच्या घरी शिकणारे मूल आहे त्या प्रत्येकाने ते जाणावे असे मला वाटते.

असे वर्ग चेन्नईस भरावे यात नवल नाही. १९०६ साली मद्रासेतील आर्बथनॉट ही मोठी पेढी बुडाली आणि हजारो कुटुंबांच्या ठेवी तिच्याबरोबर गेल्या. त्या आघातातून १९०७ साली इंडियन बँक उभी राहिली. १९३७ साली इंडियन ओव्हरसीज बँक निघाली. रिझर्व्ह बँकेने आपल्या सेवकांसाठी १९६३ साली येथेच अण्णा सालैवर स्टाफ कॉलेज सुरू केले. बँकेची नोकरी ही शिकून करावयाची गोष्ट आहे, ही जाणीव या शहरात जुनी आहे. शिवाय तामिळनाडू व केरळ ही राज्ये शैक्षणिक कर्जाच्या वाटपात दीर्घकाळ आघाडीवर राहिली. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी येथील कुटुंबांना पूर्वी गिंडीच्या अण्णा विद्यापीठात समक्ष यावे लागे. २०१८ पासून ती प्रक्रिया संगणकावरून होऊ लागली. त्या आवारात बँकाही आपली टेबले मांडून बसत. मुलाच्या हाती प्रवेशाचा कागद पडला, की बाप तोच कागद घेऊन बँकेच्या टेबलाकडे वळे.

विद्यार्थ्याला धनसाहाय्य करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी १८९२ साली मुंबईत स्थापिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांचे साहाय्य दिले, आणि त्याबद्दल दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. मद्रासेतही, दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी भाषकांनी आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी १९१२ साली 'महरट्टा एज्युकेशन फंड' उभारला. या सर्वांत एक गोष्ट समान होती. देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखत. निदान ओळखणारे कोणीतरी मध्ये असे. मुलगा कोणाचा, बुद्धीने कसा, घरची स्थिती काय, हे विचारून जाणून घेतले जाई.

पुढे ही जबाबदारी शासनाने घेतली. १९६३ साली बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्तीची राष्ट्रीय योजना निघाली. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली, आणि देशातील साऱ्या बँकांना एक सामाईक नियमावली मिळाली. महाराजांच्या जागी आता योजना आली, आणि ओळखणाऱ्या माणसाच्या जागी शाखेतील अधिकारी आला. तो दर तीन वर्षांनी बदलून जातो. समोर बसलेल्या कुटुंबाची भाषा कित्येकदा त्याला येत नाही. पिकाचे कर्ज, घराचे कर्ज, सोन्यावरचे कर्ज ही सारी कामे त्याच्याच डोक्यावर असतात. अशा माणसाने पूर्वीच्या जाणत्या मध्यस्थाचे काम करावे अशी आपली अपेक्षा आहे. मग ते काम त्याला कोणी शिकवावयास नको का?

नियम पाहिले तर ते बरेच उदार आहेत. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि कुटुंबाने पदरचा वाटाही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढे पुरते. २०१५ साली केंद्र सरकारने हमी निधी उभारला आणि साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणावाचून देता येऊ लागले. ते बुडाले तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी हा निधी देतो. परतफेड अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होते. घराचा पत्ता शाखेच्या कार्यक्षेत्रात नाही म्हणून अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बजावले. अर्ज नाकारावयाचा असेल तर वरिष्ठांची संमती घ्यावी लागते आणि कारण विद्यार्थ्यास कळवावे लागते.

इतके असूनही मुले परत का जातात? या प्रश्नाचे उत्तर मला वर्गातच मिळाले.

पहिल्या दिवशी मी एक साधा पाठ घेत असे. महाराष्ट्रातून व उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना तमिळमधील अर्ज भरावयास द्यावयाचा, आणि तमिळ अधिकाऱ्यांना मराठीतील. वेळ वीस मिनिटे. मधूनमधून मी टेबलापासून म्हणत असे, "लवकर करा, मागे रांग आहे." सोलापूरच्या शाखेतून आलेले एक अनुभवी गृहस्थ बारा मिनिटांनी लेखणी खाली ठेवून बसले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बाई, चुकीचे लिहिले तर अर्जच बाद होईल या भीतीने मी काहीच लिहिले नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "अर्धे कोरे अर्ज माझ्याकडेही येतात. लोक निष्काळजी आहेत असे मी समजत आलो." त्यानंतर त्या वर्गाला वेगळे प्रवचन देण्याची गरज उरली नाही. कोऱ्या रकान्यामागे आळस नसून भय असते, हे त्यांनी स्वतःच्या तळहातावरील घामावरून जाणले होते.

दुसरी गोष्ट एका तरुण अधिकाऱ्याने सांगितली. त्याच्या आधीच्या शाखेत कांचीपुरमजवळच्या एका विणकराची मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी कर्ज मागावयास आली होती. पहिल्या खेपेस तिला उत्पन्नाचा दाखला आणावयास सांगितले. तो आणल्यावर महाविद्यालयाचे शुल्कपत्रक हवे असे सांगितले. तिसऱ्या खेपेस संबंधित अधिकारी रजेवर होता. चौथ्या खेपेस ती आली तेव्हा प्रवेशाची मुदत संपली होती. मी वर्गाला विचारले, "या मुलीला नकार कोणी दिला?" कोणीच बोलेना. बँकेच्या नोंदवहीत तिचे नाव नव्हते. कारण अर्ज मुळी घेतलाच गेला नव्हता. नकार देण्यासाठी वरिष्ठांची संमती लागते, परंतु "पुढच्या आठवड्यात या" असे म्हणण्यास कोणाचीच संमती लागत नाही. त्या मुलीने एक वर्ष कापडाच्या दुकानात काढले. पुढील वर्षी तिला दुसऱ्या जिल्ह्यात, अधिक शुल्काच्या महाविद्यालयात जागा मिळाली. त्या चार खेपांनी तिच्या कुटुंबावर सव्वा लाखाचे जादा कर्ज चढविले.

म्हणून आमच्या शिक्षणक्रमातील पहिला धडा असा होता : कुटुंब प्रथम येईल त्याच दिवशी लागणाऱ्या सर्व कागदांची यादी, एका पानावर, त्यांच्या भाषेत द्यावी, आणि अर्ज घेऊन त्याची पोच द्यावी. अर्ज लेखी नाकारला गेला तर कुटुंब वरिष्ठांकडे दाद मागू शकते, दुसऱ्या बँकेत जाऊ शकते. जो नकार बोललाच जात नाही, त्याच्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? २०१५ साली सुरू झालेल्या 'विद्यालक्ष्मी' या संगणकीय व्यवस्थेमुळे अर्जाची तारखेसह नोंद राहू लागली, हा मोठाच लाभ झाला. तरी त्या नोंदीकडे पाहणारे डोळे माणसाचेच असतात.

अधिकाऱ्याचीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. घरासाठी कर्ज दिले तर घर दिसते, ट्रॅक्टरसाठी दिले तर ट्रॅक्टर दिसतो. शैक्षणिक कर्जात गहाण ठेवलेली वस्तू म्हणजे एका मुलाचे पुढील आयुष्य. आणि पहिला हप्ता येण्यास चारपाच वर्षे लागतात. तोवर कर्ज देणारा अधिकारी दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि कर्ज थकले तर विचारणा त्याच्याकडे येते. अशा भीतीतून तो चार लाखांच्या कर्जालाही ठेवीची पावती मागू लागतो. नियमाने हे चूक आहे; परंतु नुसते चूक म्हणून भागत नाही. बापाची मालमत्ता पाहण्याऐवजी अभ्यासक्रम कसा पाहावा, हे त्याला शिकवावे लागते. महाविद्यालयास मान्यता आहे काय, मागील वर्षीच्या मुलांना कोठे व किती पगाराची कामे मिळाली, शुल्काखेरीज वसतिगृह, पुस्तके, प्रवास यांचा खर्च किती, हे तपासावयास तो शिकला म्हणजे त्याची भीती कमी होते. कधी कधी त्यातूनच एखाद्या कुटुंबाला, "हे महाविद्यालय घेऊ नका, याच पैशांत चांगले मिळेल," असा सल्लाही तो देऊ शकतो. तो सल्ला कर्जाइतकाच मोलाचा असतो.

हिशेब समजावून देणे हा आमचा तिसरा धडा. तो आपणही करून पाहावा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये उचलले, आणि व्याजाचा दर १० टक्के आहे. शिकत असताना व पुढील वर्षभर सरळ व्याज धरले, तर परतफेड सुरू होतेवेळी ४ लाखांवर १ लाख ४० हजार व्याज चढलेले असते. ही ५ लाख ४० हजारांची रक्कम दहा वर्षांत फेडावयाची तर मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये होतो. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता सुमारे ५,८०० वर येतो, परंतु एकूण परतफेड जवळजवळ १ लाख ९० हजारांनी वाढते. आता कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २००९ पासून चालत आलेल्या केंद्राच्या योजनेखाली त्या काळातील व्याज सरकार भरते. मग कर्ज ४ लाखांचेच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,३०० होतो. नव्या पगारातून दरमहा अठराशे रुपये वाचणे म्हणजे काय, हे घर चालविणाऱ्या गृहिणीस निराळे सांगावयास नको. त्यासाठी लागतो तो योग्य अधिकाऱ्याने दिलेला उत्पन्नाचा दाखला, आणि तो वेळेवर मागावयास सांगणारा माणूस.

तमिळमध्ये कर्जाला 'कडन्' म्हणतात. शैक्षणिक कर्ज ते 'कल्विक्कडन्'. याच 'कडन्' शब्दाचा दुसरा आणि जुना अर्थ आहे कर्तव्य. आपल्या भाषेतही कर्ज आणि ऋण हे दोन शब्द जवळचे असले तरी एक नव्हेत. कर्ज म्हटले की सावकार आठवतो, जप्ती आठवते. ऋण म्हटले की पितृऋण आणि ऋषिऋण आठवते, आणि ऋषिऋण तर अध्ययनानेच फिटते अशी आपली समजूत आहे. पुष्कळ बाप सही करताना थबकतात, ते कर्ज या शब्दाला. त्या वेळी अधिकाऱ्याने सहीची जागा बोटाने दाखवून भागत नाही. घर जाणार नाही, हप्ता केव्हा सुरू होईल, मुलाला नोकरी लागली नाही तर काय करता येईल, हे शांतपणे सांगावे लागते. त्याला पाच मिनिटे अधिक लागतात, आणि ती पाच मिनिटे काढणे हाही शिकण्याचाच भाग आहे.

सर्वांत नाजूक धडा वसुलीचा. शिक्षण संपते, नोकरी मिळत नाही, किंवा मिळते ती तुटपुंज्या पगाराची. पत्ता बदलतो, बँकेची पत्रे जुन्या घरी जातात, आणि एके दिवशी दाराशी वसुलीदार उभा राहतो. अशा तगाद्याने खचून तरुणांनी जीव दिल्याच्या वार्ता तामिळनाडूतील वृत्तपत्रांनी छापल्या आहेत. ते वाचून माझ्या वर्गातील कठोर माणसेही मान खाली घालीत. वसुलीदारांनी धाकदपटशा करू नये, सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर कर्जदारास दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले ते योग्यच झाले. परंतु गोष्ट तेथवर जाऊच नये यासाठीचे काम फार आधी, मूल शिकत असतानाच करावयाचे असते. दर वर्षी गुणपत्रक मागताना दोन शब्द विचारावे, शेवटच्या वर्षी मुलाला बोलावून हप्त्याची तारीख व रक्कम सांगावी, अडचण आल्यास लपून न राहता येऊन भेटण्यास सांगावे. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, बेकारीच्या काळात हप्ते पुढे ढकलण्याचा विचार होऊ शकतो. पण हे कर्जदारास ठाऊक नसेल तर तो शाखेची पायरी चढत नाही.

आणि महाविद्यालयाचे काय? अमेरिकेत १९६५ साली उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि विद्यार्थ्यांना सरकारी साहाय्य व कर्ज मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. लगेच पुढच्या वर्षी, १९६६ साली, महाविद्यालयांतील आर्थिक साहाय्याचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. हे काम तेथे एक स्वतंत्र व्यवसाय मानले जाते. त्याचे वर्ग भरतात, परीक्षा होतात. सरकारी कर्ज प्रथमच घेणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे हाती पडण्यापूर्वी एकदा आणि महाविद्यालय सोडताना पुन्हा एकदा समजावून सांगणे तेथे बंधनकारक आहे. त्यांच्याकडे सारे आलबेल आहे असे नव्हे. कर्जाचा भार तेथील तरुणांवरही जड झाला आहे. तथापि हे काम शिकून करावयाचे असते, एवढे त्यांनी ओळखले.

आपल्या बहुतेक महाविद्यालयांत शिष्यवृत्ती विभागातील एक लिपिक असतो. बोनाफाईड दाखला देणे, शुल्कपत्रकावर शिक्का मारणे, शासनाच्या संकेतस्थळावरील अर्ज तपासणे ही कामे तो करतो. तामिळनाडूत घराण्यातील पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिकवणी शुल्कात सवलत देण्याची योजना २०१० साली निघाली. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. त्याच वर्षी केंद्राने 'पीएम-विद्यालक्ष्मी' ही योजना मंजूर केली. निवडक उत्तम संस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलांना तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळावे हा तिचा हेतू आहे. इतक्या वाटा एकाच घराला खुल्या असतात, परंतु आधी कोणती घ्यावी, कोणती मिळाल्यास दुसरी मिळत नाही, आणि अखेर उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज कसे घ्यावे, हे त्या घराला सांगणारा माणूस महाविद्यालयात नसतो. त्या लिपिकाला वर्षातून चार दिवस प्रशिक्षणास पाठविले, त्याच्या टेबलावर 'साहाय्य अधिकारी' अशी पाटी लावली आणि जवळच्या बँकशाखेशी त्याची ओळख करून दिली, तर थोड्या खर्चात केवढे काम होईल! आमच्या वर्गात एकदोन वेळा महाविद्यालयांचे असे लिपिक पाहुणे म्हणून आले होते. शेजारी बसलेल्या बँक अधिकाऱ्याला ते नेमके सांगत, की तुमचा कोणता कागद मुलांना मिळत नाही आणि का. दोन कार्यालयांनी वर्षभर पत्रे लिहून जे साधले नसते, ते एका दुपारी साधले.

वाचकहो, हे वाचून आपण म्हणाल, प्रशिक्षण देणे हे बँकांचे व शासनाचे काम, आम्ही त्यात काय करावे? मला वाटते, शिकविण्याचे काही काम आपल्याही हाती आहे. मूल दहावीला असतानाच उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले काढून ठेवावे. प्रवेशाची वाट न पाहता जवळच्या शाखेत एकदा जाऊन नियम विचारावे. अर्ज दिला की पोच मागावी. नकार मिळाला तर तो लेखी मागावा, आणि हे सारे नम्रपणे पण संकोच न बाळगता करावे, कारण आपण दान मागावयास गेलेलो नसतो. कर्जाचा हिशेब मुलापासून लपवू नये. ज्याला फेडावयाचे आहे त्याने तो प्रथम जाणावा. पत्ता बदलला तर बँकेस कळवावे. आणि ज्या अधिकाऱ्याने वेळ काढून नीट समजावून सांगितले असेल, त्याच्याविषयी दोन ओळी त्याच्या वरिष्ठांना लिहाव्या. तक्रारींची पत्रे पुष्कळ जातात. असे एखादे पत्र गेले, तर त्या शाखेतील इतरांनाही पाच मिनिटे अधिक काढण्याचा अर्थ कळतो.

माझ्या वर्गातून गेलेले अधिकारी आज कोठे कोठे आहेत हे मला ठाऊक नाही. पण दर जून महिन्यात, प्रवेशांची धांदल सुरू झाली की वाटते, कोठल्यातरी शाखेत एखादी मुलगी आपल्या वडिलांच्या मागे उभी असेल. तिला त्या दिवशी कर्ज मिळेलच असे नाही; परंतु तिचा अर्ज घेतला जावा, हाती एक पानाची यादी व पोच पडावी, आणि समोरच्या माणसाने वडिलांना "बसा" असे म्हणावे, एवढे जरी झाले तरी ती सहा वर्षे सार्थकी लागली असे मी समजेन.